सावलीचा रंग कोणता?

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आम्हीं शाळेंत असतांना शेंकडों मुलांकडून वाक्यांत योजून घेतली; ती एके दिवशीं आपल्यासच लागू होईल असें त्या वेळीं मनांत आलें नव्हतें. सेवानिवृत्त झाल्यावर आम्हीं तैलरंगांत निसर्गचित्रें काढण्यास शिकण्याचा संकल्प सोडला, तेव्हां घरांतील लहानथोर सर्वांनीं ही म्हण मनांतल्या मनांत म्हटली असावी असा आमचा तर्क आहे. आमच्या वृद्ध मातोश्रींनीं मात्र मनांत कांहीं ठेवलें नाहीं. “रंगवायचेंच आहे तर देवघराचें दार रंगव; त्याचा रंग उडून दोन वर्षें झालीं,” असें त्या म्हणाल्या. आम्हीं प्रथम दार रंगविलें व मग चित्रास हात घातला.

या गोष्टीस आतां चार वर्षें झालीं. आम्ही चित्रकार झालों नाहीं व पुढें होऊं अशी आशाहि नाहीं. परंतु हा अभ्यास करीत असतां आमच्या एका जुन्या चुकीचा आम्हांस उलगडा झाला. ती चूक केवळ आमची एकट्याची नसून मुलांस शिकविणाऱ्या पुष्कळांची, आणि घरांतील वडील माणसांचीहि, असण्याचा संभव आहे. म्हणून या विषयांत आम्हांस जें थोडेंबहुत समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

चित्रकलेंत पंथ अनेक आहेत. आम्हीं ज्याचा अभ्यास धरला त्यास इंग्रजींत इम्प्रेशनिझम म्हणतात, व मराठींत त्यास दृक्प्रत्ययवाद हें नांव आतां रूढ झालें आहे. त्याची जन्मभूमि फ्रान्स. तेथें एकोणिसाव्या शतकांत चित्रकारास नांव मिळवावयाचें तर ‘सालों’ नामक सरकारमान्य प्रदर्शनांत त्याचें चित्र लागावें लागे, आणि कोणतें चित्र घ्यावयाचें हें परीक्षकमंडळ ठरवी. पुराणांतील व इतिहासांतील प्रसंग, गुळगुळीत रंगकाम, आणि चित्रशाळेच्या बंद खोलींत नीट बेतून घेतलेला उजेड या गोष्टी परीक्षकांस प्रिय होत्या. या व्यवस्थेस कंटाळलेल्या तीसेक कलावंतांनीं अखेर स्वतःचें प्रदर्शन भरविलें. तें १५ एप्रिल १८७४ रोजीं पॅरिसमधील बुलव्हार दे कापुसीन या रस्त्यावर, नादार नांवाच्या प्रसिद्ध छायाचित्रकारानें सोडलेल्या जागेंत, उघडलें. त्यांत क्लोद मोने यांचें एक चित्र होतें. (हे मोने आपल्या कोंकणांतील मोन्यांपैकीं नव्हेत, हें सांगणें नलगे.) ल हाव्र बंदरांतील पहांटेचें धुकें, त्यांत अंधुक दिसणाऱ्या नावा, नारिंगी सूर्यबिंब व त्याचें पाण्यांत हलणारें प्रतिबिंब, एवढाच त्याचा विषय. मोने यांनीं चित्राच्या नांवांत ‘इम्प्रेशन’, म्हणजे मनावर उमटलेला ठसा, हा शब्द घातला होता. लुई लरवा नांवाच्या टीकाकारानें एका विनोदी पत्रांत तोच शब्द धरून सर्व मंडळीची थट्टा उडविली. आणि थट्टेनें दिलेलें हें नांव पुढें त्या पंथानें मानानें मिरविलें. १८८६ पर्यंत अशीं आठ प्रदर्शनें झालीं. त्या आठहि प्रदर्शनांत चित्रें ठेवणारा चित्रकार एकच, कामीय पिसारो.

हा पंथ त्याच काळीं कां निघाला याचीं कारणें पाहूं गेल्यास तीं मोठीं मौजेचीं आहेत. पूर्वीं रंगाची पूड तेलांत खलून तयार करावी लागे, व बाहेर न्यावयाचा रंग डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशवींत बांधून नेत. पिशवी फुटे आणि रंग सुके. १८४१ मध्यें जॉन रँड नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें लंडन येथें कथलाची दाबतां येणारी नळी काढली. दांत घासण्याची पेस्ट आज ज्या प्रकारच्या नळींतून निघते तोच हा प्रकार. या नळीमुळें चित्रशाळा एका पेटींत मावूं लागली. त्याच शतकांत रसायनशास्त्रानें कोबाल्ट निळा, कृत्रिम अल्ट्रामरीन, कॅडमियम पिवळा, व्हिरिडियन हिरवा असे तेजस्वी रंग चित्रकाराच्या हातीं दिले. आगगाडीमुळें पॅरिसचा चित्रकार सकाळीं निघून नदीकांठच्या खेड्यांत काम करूं लागला व सायंकाळीं घरीं परतूं लागला.

चौथें कारण एका रसायनशास्त्रज्ञाकडे जातें. शेव्हरल हे पॅरिस येथील गोबलँच्या सरकारी विणकामाच्या कारखान्यांत रंगखात्याचे प्रमुख होते. काळें सूत फिकें दिसतें, रंगांत कांहीं दोष आहे, अशी तक्रार त्यांजकडे आली. तपास करतां रंग निर्दोष ठरला. काळ्या सुताशेजारीं विणलेल्या निळ्या-जांभळ्या सुतामुळें तें फिकें भासत होतें. यावरून त्यांनीं पुष्कळ प्रयोग केले व १८३९ मध्यें मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें सार असें कीं, कोणताहि रंग एकटा दिसत नसतो. तो शेजाऱ्याप्रमाणें पालटतो. तांबडा व हिरवा, निळा व नारिंगी, पिवळा व जांभळा हे परस्परविरोधी रंग शेजारीं शेजारीं ठेवले असतां दोघेहि अधिक उठून दिसतात. हिरव्या लुगड्यास तांबडे कांठ कां शोभतात हें आपल्या भगिनींस सांगण्यास अर्थात् शेव्हरलसाहेबांची गरज नाहीं. ज्यांस प्रचीति पाहावयाची असेल त्यांनीं राखी रंगाच्या कागदाचे दोन सारखे तुकडे कापावे. एक नारिंगी कागदावर व दुसरा निळ्या कागदावर ठेवावा. पहिला किंचित् निळसर व दुसरा किंचित् नारिंगी भासेल. तुकडे मात्र एकाच कागदाचे!

आतां या पंथाचें मर्म काय? आम्हांस तें आमच्या परिचयाच्या भाषेंत असें समजलें. न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष ज्ञान दोन प्रकारचें सांगितलें आहे. वस्तु, तिची जाति व तिचें नांव यांचा संबंध जुळण्यापूर्वीं जें नुसतें ज्ञान होतें तें निर्विकल्पक. आणि ‘हा घट’, ‘हें झाड’ असें विशेषणांसह होतें तें सविकल्पक. आपण व्यवहारांत जगतों तें सविकल्पक ज्ञानावर. झाड म्हटलें कीं हिरवें, दूध म्हटलें कीं पांढरें, सावली म्हटली कीं काळी, असें मन डोळ्यांच्या आधींच बोलून मोकळें होतें. दृक्प्रत्ययवादी चित्रकार मनास म्हणतो, ‘अंमळ थांब. समोर झाड आहे हें विसर; अमुक जागीं पिवळ्याचा एक ठिपका आहे, त्याच्या खालीं निळसर करडा पट्टा आहे, एवढेंच पाहा, व जसें दिसतें तसें मांड.’ निर्विकल्पक ज्ञानाचें पुन्हां मानस प्रत्यक्ष होत नाहीं असें नैयायिक म्हणतात. तेव्हां चित्रकारास ती अवस्था जशीच्या तशी पकडतां येते असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु नांव ठेवण्याची घाई न करतां पाहणें, हा अभ्यास मात्र करतां येतो. आमची चूक येथेंच झाली होती.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. चित्रकलेचे शिक्षक रजेवर असल्यामुळें त्यांचा तास आम्हांकडे आला. विषय होता देऊळ. सातवींतील एका मुलानें चुन्याची पांढरी भिंत काढून तिच्यावर पिंपळाची सावली चक्क जांभळ्या रंगानें रंगविली. आम्हीं विचारलें, “जांभळी सावली कोठें पाहिलीस?” तो म्हणाला, “सर, देवळावर तशीच पडते.” वर्ग हंसला, आम्हीहि हंसलों. “सावली काळी असते,” असें सांगून आम्हीं त्याच्याकडून तिच्यावर काळा रंग देवविला, आणि दहापैकीं चार गुण दिले. शिस्त म्हणून तें योग्यच झालें असें तेव्हां वाटलें. तो मुलगा पुढें अभ्यासांत चांगला निघाला, परंतु चित्रकलेच्या तासास त्याची वही आम्हीं पुन्हां कधीं रंगलेली पाहिली नाहीं.

मुलाचें म्हणणें खरें होतें. शास्त्रानेंहि तें खरें ठरतें. उन्हांत ठेवलेल्या वस्तूवर दोन ठिकाणचा प्रकाश पडतो. एक थेट सूर्याचा, व दुसरा सर्व आकाशाचा. सावली म्हणजे जेथें सूर्याचा थेट प्रकाश अडला ती जागा. आकाशाचा प्रकाश तेथें पोंचतच असतो, आणि आकाश निरभ्र असेल तर तो निळा असतो. कारण हवेंतील कण निळा प्रकाश तांबड्यापेक्षां अधिक विखरतात. म्हणून पांढऱ्या भिंतीवरील सावली निळसर असते. त्यांत भोंवतालचें ऊन पिवळसर असल्यामुळें शेव्हरलच्या नियमानें तीच सावली जांभळी भासते. शिवाय जमिनीवरून, शेजारच्या भिंतीवरून, झाडांवरून परतलेला उजेड तिच्यांत मिसळतो तो निराळाच. सावली हा रंगाचा अभाव नसून तोहि एक रंगच आहे, हें ज्या दिवशीं आम्हांस कळलें, त्या दिवशीं आम्हांस त्या चार गुणांची आठवण झाली.

ज्यांस हा अभ्यास करावयाचा असेल त्यांनीं साहित्याचा फार पसारा मांडूं नये. मोने यांनीं १९०५ मधील एका पत्रांत आपण वापरीत असलेले रंग सांगितले आहेत. ते अवघे सहा-सात असून त्यांत काळा नाहीं. आम्ही पांढरा, लिंबासारखा पिवळा, गडद कॅडमियम पिवळा, शेंदरी तांबडा, किरमिजी, अल्ट्रामरीन निळा, कोबाल्ट निळा व व्हिरिडियन हिरवा असे आठ रंग वापरतों. पांढरा टिटॅनियमचा घ्यावा. जुन्या काळचा शिशाचा पांढरा विषारी असतो. गडदपणा हवा असेल तेथें अल्ट्रामरीन व किरमिजी यांत थोडा हिरवा मिसळावा; तो काळ्याहून जिवंत दिसतो. वर्णिकाभंग, म्हणजे रंगांचें मिश्रण व त्यांची योजना, हें आपल्या प्राचीनांनीं चित्रकलेच्या सहा अंगांपैकीं एक मानिलें आहे. त्याचा अर्थ हे आठ रंग हाताळतांना नीट पटतो. कुंचले डुकराच्या राठ केसांचे व चपटे असावे. मऊ कुंचल्यानें रंग गुळगुळीत होतो, व येथें तर फटकारा दिसावयास हवा. ज्यांस अशा केसांचा विटाळ वाटत असेल त्यांस कृत्रिम धाग्यांचे राठ कुंचलेहि मिळतात. आमच्या घरांत याच अटीवर परवानगी मिळाली. कॅनव्हास दहा इंच बारा इंच पुरे.

तैलरंगांतील तेल जवसाचें असतें. ज्या जवसाची आपण चटणी करतों तेंच हें. पाणी उडून जातें तसें हें तेल उडून जात नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून घेऊन तें घट्ट होतें व त्याचा चिवट पापुद्रा बनतो. भुईमुगाच्या तेलास हा गुण नसल्यामुळें स्वयंपाकघरांतील गोडें तेल येथें उपयोगाचें नाहीं. येथेंच गृहस्थांस एक गंभीर सूचना द्यावयाची आहे. जवसाच्या तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नये. तेल घट्ट होतांना उष्णता निघते, ती बोळ्यांत कोंडली जाते, आणि चिंध्या आपोआप पेट घेऊं शकतात. त्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्या, किंवा झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत पाण्यांत बुडवून ठेवाव्या. टर्पेंटाइन चुलीपासून व मुलांपासून दूर असावें, खिडकी उघडी असावी, आणि हात धुतल्याशिवाय कांहीं खाऊं नये.

आम्ही वाईस कृष्णेच्या घाटावर बसून चित्र काढतों. हिवाळ्यांत सकाळीं आठाच्या सुमारास ढोल्या गणपतीच्या देवळाकडून उन्हाची तिरीप घाटाच्या पायऱ्यांवर येते. प्रथम डोळे अर्धवट मिटून पाहावें. बारकावे नाहींसे होऊन उजेडाचे व अंधाराचे चार-पांच मोठे भाग तेवढे उरतात. टर्पेंटाइननें पातळ केलेल्या निळ्या रंगानें त्यांच्या सीमा दोन मिनिटांत आंखाव्या. पायऱ्या मोजीत बसूं नये. आम्ही पहिल्या चित्रांत त्या मोजल्या होत्या, व संख्या बरोबर येऊनहि घाट मात्र कोठें दिसेना. नंतर सर्वांत गडद भाग व सर्वांत उजळ भाग मांडून घ्यावे, म्हणजे बाकीच्यांचें मान त्यांमध्यें बसवितां येतें. मग प्रत्येक भागास विचारावें, ‘तूं शेजाऱ्याहून उष्ण कीं थंड?’ उन्हांतील काळा दगड पिवळसर, सावलींतील निळसर. पाण्यांतील आकाश वरच्या आकाशाहून थोडें गडद. रंग पाटीवर फार घोंटूं नये. दोन-तीन फेऱ्यांत मिसळावा, कुंचला भरून घ्यावा, फटकारा द्यावा व तो तसाच सोडावा. एकावर एक दहा हात फिरविले कीं सर्व रंगांचा चिखल होतो. खालचा थर पातळ व वरचे थर तेलानें अधिक पुष्ट असावे, हा नियम पाळावा. उलट केल्यास पुढें चित्रास भेगा पडतात.

सर्वांत कठीण नियम वेळेचा. दीड तासांत सावल्या सरकतात व उजेडाचा रंग पालटतो. तेव्हां थांबावें, फार तर दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं परत यावें. पहिल्या वर्षीं आम्ही आठ वाजतां आरंभ करून अकरापर्यंत बसत असूं. त्यामुळें आमच्या चित्रांत डावीकडे सकाळ व उजवीकडे दोन प्रहर अशी स्थिति होई. मोने यांनीं यावर जो उपाय केला तो त्यांच्या चिकाटीस शोभणारा होता. एकाच विषयाचीं अनेक चित्रें एकदम चालू ठेवावयाचीं, व उजेड पालटला कीं चित्र पालटावयाचें. १८९० व १८९१ या सालांत त्यांनीं आपल्या झिव्हेर्नी येथील घराशेजारच्या शेतांतील धान्याच्या गंजींचीं सुमारें पंचवीस चित्रें काढलीं. पुढें रूआं येथील मोठ्या चर्चच्या दर्शनी भागाचीं तीसहून अधिक काढलीं. गंज तीच, दगड तेच. पालटतो तो प्रहर. हें वाचून कोणास वाटेल कीं, सर्व काम उघड्यावरच उरकत असे. तसें नव्हे. यांपैकीं पुष्कळ चित्रांवर त्यांनीं मागाहून घरीं बसून महिनेच्या महिने हात फिरविला आहे. सहजपणा दिसतो तो सहज आलेला नसतो. मोने, रेन्वार, सिस्ले व बाझील हे ग्लेअर नांवाच्या गुरूच्या चित्रशाळेंत एकत्र शिकलेले होते. रेखन न येणारांनीं काढलेली ही पळवाट होती असें समजणें हा अन्याय आहे.

मोने यांच्या आयुष्यांतील एक गोष्ट आमच्या वयाच्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. १९१२ मध्यें त्यांस मोतीबिंदु झाल्याचें निदान झालें. रंगांच्या नळ्यांवरील नांवें वाचून रंग ओळखण्याची पाळी आली. त्या काळांतील त्यांच्या बागेंतील पुलाच्या कांहीं चित्रांत तांबडे व तपकिरी रंग फार दाटून आले आहेत, व अनेक नेत्रवैद्य त्याचा संबंध मोतीबिंदूशीं जोडतात. अखेर १९२३ मध्यें, ब्यायशीं वर्षांचे असतां, त्यांच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरहि, ५ डिसेंबर १९२६ रोजीं मृत्यु येईपर्यंत, कमळांच्या तळ्याच्या त्या प्रचंड चित्रांवर ते काम करीत राहिले. गेल्या वर्षीं आमच्याहि एका डोळ्याचा मोतीबिंदु काढला. पट्टी सुटल्यावर मातोश्रींचें पांढरें लुगडें आम्हीं एकेक डोळा झांकून पाहिलें. नव्या डोळ्यास तें निळसर शुभ्र दिसलें, व जुन्या डोळ्यास फिक्या चहांत बुडविल्यासारखें. गढूळ झालेलें नेत्रभिंग निळा प्रकाश अडवितें, म्हणून असें होतें. आम्ही ज्यास वस्तूचा खरा रंग म्हणत होतों तो इतकीं वर्षें चहाच्या पडद्याआडून पाहिलेला होता! तेव्हांपासून ‘असा रंग असूंच शकत नाहीं’ हें वाक्य आम्हीं आमच्या बोलण्यांतून काढून टाकलें आहे.

शिक्षक या नात्यानें आम्हांस या मंडळींत पिसारो यांजविषयीं सर्वांहून अधिक आदर वाटतो. पॉल सेझान हा त्यांच्याहून आठनऊ वर्षांनीं लहान, तापट, आणि काळ्या-तपकिरी जाड रंगांत चित्रें काढणारा चित्रकार. पिसारो यांनीं त्यास आपल्याबरोबर उघड्यावर बसविलें. आपलें लूव्सिएन गांवाचें एक चित्र त्यास दिलें, व सेझान यानें १८७२ च्या सुमारास त्याची नक्कल करून उजळ रंगांचा धडा घेतला. हाच सेझान पुढें स्वतंत्र वाटेनें गेला व विसाव्या शतकाच्या चित्रकलेचा एक आधारस्तंभ ठरला. ज्या गुरूचा शिष्य त्याच्यासारखीं चित्रें काढीत नाहीं, त्या गुरूचें शिकविणें सफळ झालें, असें आम्हांस आतां वाटतें.

आपल्याकडेहि ही दृष्टि अपरिचित राहिली नाहीं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनीं १९३१ मध्यें देह ठेवीपर्यंत कोल्हापुराच्या परिसरांतील तळीं, झाडी व उजेड यांचीं चित्रें काढलीं. १९३८ मध्यें नाझींच्या छळामुळें देश सोडून मुंबईस आलेले ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांच्या मोकळ्या, तेजस्वी रंगांचा सय्यद हैदर रझांसारख्या तरुणांवर परिणाम झाला, व रझा १९५० मध्यें फ्रान्सला गेले. अर्थात् आपलें ऊन फ्रान्सचें नव्हे. तेथील धुकट करडा उजेड मनांत ठेवून वैशाखांतील घाट रंगवूं गेल्यास फसगत होते. आपल्या दोन प्रहरच्या उन्हांत रंग विटतात. सकाळ, सायंकाळ आणि श्रावणांतील ऊनपाऊस हेच आपले खरे मुहूर्त.

गेल्या दिवाळींत तो विद्यार्थी आमच्या घरीं फराळास आला. आतां त्याचे केस पिकूं लागले आहेत. भिंतीवरील चित्र त्यानें बराच वेळ पाहिलें व म्हणाला, “सर, सावल्या जांभळ्या काढल्यात!” आम्हीं त्यास सर्व हकीकत सांगितली, आणि त्या दिवशीं तुझें बरोबर होतें, आमचें चुकलें, असें स्पष्ट म्हटलें. वयानें लहान असलेल्यापुढें हें म्हणणें आम्हांस वाटलें होतें त्याहून जड गेलें. तो संकोचला. मग हंसून म्हणाला, “सावलीचें मला आठवत नाहीं, सर. चार गुण मात्र आठवतात.” घरांत हंशा पिकला, परंतु आमच्या घशाखालीं चकली उतरेना. जातांना तो उंबऱ्यांत थांबला व म्हणाला, “माझी मुलगी सातवींत आहे. पुष्कळ चित्रें काढते. तिला काय सांगूं?” आम्हीं म्हटलें, “कांहीं सांगूं नकोस. रविवारीं घाटावर पाठव.”

तेव्हांपासून ती दर रविवारीं येते. आम्ही तिला कुंचला कसा धुवावा, चिंध्या कशा वाळवाव्या, कॅनव्हास कसा धरावा हें सांगतों. रंग कोणता तें सांगत नाहीं. परवांच ती आमच्या मागें येऊन उभी राहिली. आम्ही पाण्यांतील पायऱ्यांच्या प्रतिबिंबांत करडा रंग भरीत होतों. ती म्हणाली, “आजोबा, खालच्या दोन पायऱ्या हिरव्या दिसतात. तुम्ही करड्या काढल्यात.”

ओठांवर आलेलें वाक्य आम्हीं गिळलें व पाण्याकडे पाहिलें. पलीकडच्या झाडाची छाया तेथवर पोंचली होती. आम्हीं कुंचला पुसला आणि हिरवा घेतला.